जन्मठेप, सक्तमजुरी, दंड : शिक्षेचा शब्द आणि शिक्षेचा हिशेब

भारतातल्या फौजदारी न्यायालयात गुन्हा शाबीत झाला, तरी न्यायाधीशाला मनास येईल ती शिक्षा देता येत नाही. शिक्षांचे प्रकार कायद्याने मोजून दिलेले आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या चौथ्या कलमात असे सहा प्रकार येतात : मृत्युदंड, आजीव कारावास म्हणजे बोलीतली जन्मठेप, मुदतीचा कारावास (सश्रम किंवा साधा), मालमत्ता सरकारजमा करणे, द्रव्यदंड आणि समाजसेवा. पहिले पाच जुन्या भारतीय दंड संहितेतून आले, सहावा नवा आहे. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना १८६० ची जुनी संहिताच लागू राहते. शिवाय गुन्हा घडला त्या दिवशी कायद्यात जेवढी शिक्षा होती, तिच्याहून जड शिक्षा देऊ नये, असे राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदाचे बंधन आहेच. त्यामुळे पुढची कित्येक वर्षे जिल्हा न्यायालयांत दोन्ही संहितांची कलमे शेजारी शेजारी वाचली जातील.

यादी छोटी आहे, पण ती फसवी आहे. निकालपत्रातला शिक्षेचा शब्द आणि कैद्याने प्रत्यक्ष भोगलेला काळ यांत पुष्कळ अंतर पडू शकते. ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे’ ही चावडीवरची समजूत त्या अंतरातूनच निघालेली आहे, आणि ती चुकीची आहे. म्हणून प्रत्येक शिक्षेचे नाव पाहताना तिचा हिशेबही पाहावा लागतो.

१८६० च्या संहितेतली मूळ यादी आजच्याहून वेगळी होती. तिच्यात जन्मठेपेऐवजी ‘काळे पाणी’ होते, म्हणजे समुद्रापार हद्दपारी. युरोपीय आणि अमेरिकी गुन्हेगारांना मात्र काळ्या पाण्यावर धाडायचे नाही, त्यांना ‘दंडसेवा’ नावाची निराळी शिक्षा द्यायची, अशी सोय खुद्द संहितेतच केलेली होती. कातडीच्या रंगावर बेतलेला हा भेद स्वातंत्र्यानंतर १९४९ साली पुसला गेला. फटक्यांच्या शिक्षेचा १८६४ पासून स्वतंत्र कायदा होता, तो १९५५ साली रद्द झाला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने काळ्या पाण्याच्या जागी आजीव कारावास आला आणि १ जानेवारी १९५६ पासून अंदमान दंडविधानातून कायमचे बाहेर पडले.

जुन्या यादीतल्या कैदेच्या तीन पायऱ्या एकट्या लोकमान्य टिळकांच्या आयुष्यात सापडतात. कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली त्यांना आणि आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात ते एकशे एक दिवस राहिले, आणि आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर पुस्तकच लिहिले. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, पण सुमारे वर्षभरात सुटका झाली. १९०८ साली सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. सरकारने तिचे रूपांतर साध्या कैदेत केले आणि अंदमानाऐवजी ब्रह्मदेशातल्या मंडालेला त्यांची रवानगी झाली. शिक्षा न्यायालय देते आणि तिचा आकार पुढे सरकार बदलते, ही रीत तेव्हाही होती.

मुदतीच्या कारावासातला सश्रम आणि साधा हा फरक नावापुरता नाही. सश्रम कारावासात, म्हणजे सक्तमजुरीत, कैद्याने कारागृह नेमून देईल ते काम करायचे असते. पूर्वी ते दळण दळणे, काथ्या कुटणे असे असे. आता विणकाम, सुतारकाम, शिवणकाम, बेकरी, शेती असे असते. ‘सक्तमजुरी’ या शब्दाने दगड फोडणारा कैदी डोळ्यांसमोर येतो, तो बराचसा हिंदी चित्रपटांनी उभा केलेला आहे. कामाची मजुरी द्यावी लागते आणि ती न्याय्य असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली सांगितले. त्या मजुरीचा काही भाग गुन्ह्याने ज्याचे नुकसान झाले त्याच्यासाठी राखून ठेवावा, असेही त्याच निकालात आहे. साध्या कैदेत कामाची सक्ती नसते. अब्रुनुकसानीसारख्या गुन्ह्यात फक्त साधीच कैद देता येते. काही गुन्ह्यांत कायदा सश्रमच सांगतो. बाकीच्या ठिकाणी निवड न्यायाधीशाची, आणि शिक्षा थोडी सश्रम, थोडी साधी अशीही वाटून देता येते.

शिक्षेचे कलम वाचताना ‘पर्यंत’, ‘किंवा’ आणि ‘आणि’ या तीन शब्दांकडे नीट पाहावे लागते. चोरीचे कलम यासाठी बोलके आहे. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही. म्हणजे नुसत्या दंडावरही भागू शकते. तोच माणूस पुन्हा चोरीत दोषी ठरला, तर निदान एक वर्ष आणि जास्तीत जास्त पाच वर्षे सश्रम कारावास आणि शिवाय दंड, ‘किंवा’ची सवलत संपली. उलट चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर समाजसेवा. बहुतेक जुन्या कलमांत फक्त कमाल मर्यादा असे आणि किमान किती ते न्यायाधीशावर सोडलेले असे. अलीकडच्या कायद्यांचा कल किमान शिक्षा बांधून देण्याकडे आहे. बलात्काराला निदान दहा वर्षे सश्रम कारावास आहे आणि ‘विशेष कारणे’ नोंदवून तो कमी करण्याची पूर्वीची मुभा २०१३ साली काढून टाकली गेली.

कोणते न्यायालय किती शिक्षा देऊ शकते, हेही ठरलेले आहे. द्वितीय वर्ग न्यायदंडाधिकारी एक वर्षापर्यंत, प्रथम वर्ग तीन वर्षांपर्यंत, मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंत कारावास देऊ शकतात. सत्र न्यायाधीशाला कायद्यातली कोणतीही शिक्षा देता येते, फक्त त्याने दिलेली फाशी उच्च न्यायालयाच्या मंजुरीशिवाय अमलात येत नाही.

कैदेच्या शिक्षेत सगळ्यात लहान म्हणजे ‘न्यायालय उठेपर्यंत कैद’. ती संहितेत या नावाने सापडत नाही. कलमात कारावास ‘आणि’ दंड असे दोन्ही सक्तीचे असतात, किमान मुदत दिलेली नसते, आणि गुन्हा अगदी किरकोळ असतो, अशा वेळी न्यायाधीश तिचा आधार घेतात. दोषी माणसाने त्या दिवशी न्यायालयाच्या आवारातच थांबायचे. सकाळी अकराला निकाल झाला, दंडाची पावती फाडली, की तो मागच्या बाकावर बसून इतरांच्या तारखा पडताना बघत राहतो. संध्याकाळी न्यायाधीश उठून आत गेले की शिक्षा संपली. कायद्याच्या लेखी तो कारावासच.

खरा गुंता एकाहून जास्त गुन्ह्यांच्या शिक्षा एकदम होतात तेव्हा होतो. समजा, एकाने रात्री घरफोडी करून चोरी केली आणि न्यायदंडाधिकाऱ्याने घरफोडीबद्दल तीन वर्षे, चोरीबद्दल दोन वर्षे आणि दोन्हींबद्दल प्रत्येकी दोन हजार रुपये दंड, दंड न भरल्यास प्रत्येकी दोन महिने साधी कैद, अशी शिक्षा दिली. ‘सर्व शिक्षा एकत्रित भोगावयाच्या आहेत’ असे निकालात असेल, तर दोन वर्षे तीन वर्षांच्या पोटात जातात आणि एकूण तीनच वर्षे उरतात. ‘एकापाठोपाठ एक’ असे असेल, तर पाच. आरोपी खटला चालू असताना चौदा महिने कच्चा कैदी म्हणून आत असेल, तर ते चौदा महिने वजा होतात. म्हणजे एकत्रित शिक्षेत बावीस महिने उरले. पण दंड भरला नाही, तर त्याबद्दलचे चार महिने मूळ शिक्षेला जोडून निराळे भोगावे लागतात. ते तिच्या पोटात जात नाहीत आणि कच्च्या कैदेचे दिवस त्यांतून वजाही होत नाहीत. झाले सव्वीस महिने. वर्तमानपत्रात मात्र ‘चोरट्यास तीन वर्षे सक्तमजुरी’ एवढाच मथळा येतो. शिक्षा एकत्रित की एकापाठोपाठ, हे गुन्ह्याचे गांभीर्य पाहून न्यायालयाने निकालातच सांगायचे असते. न्यायदंडाधिकाऱ्याने एकापाठोपाठ शिक्षा दिल्या, तरी त्यांची बेरीज एका गुन्ह्यासाठी त्याला जेवढी शिक्षा देता येते तिच्या दुपटीपलीकडे जाऊ शकत नाही.

जन्मठेपेला ही बेरीज लागूच होत नाही. सावरकरांना १९१० आणि १९११ मध्ये काळ्या पाण्याच्या दोन जन्मठेपा झाल्या, त्या एकापाठोपाठ एक भोगायच्या होत्या आणि पंचवीस-पंचवीस मिळून पन्नास वर्षे धरली गेली. आज तसे होणार नाही. माणसाला आयुष्य एकच, तेव्हा दोन जन्मठेपा एकापाठोपाठ एक भोगता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१६ साली दिला.

जन्मठेप म्हणजे किती वर्षे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेणारा कैदीही महाराष्ट्रातलाच. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे यांनी असा दावा केला, की जन्मठेप वीस वर्षांची धरतात, मिळालेल्या माफीचे दिवस धरता ती वीस वर्षे भरली आहेत, तेव्हा सुटका व्हावी. १९६१ साली न्यायालयाने तो फेटाळला. जन्मठेप म्हणजे कैद्याच्या नैसर्गिक आयुष्याचा उरलेला सगळा काळ. वीस वर्षांचा आकडा संहितेत आहे खरा, पण तो शिक्षेचे अपूर्णांक काढायचे झाले तरच वापरायचा. एखाद्या प्रयत्नाला मूळ गुन्ह्याच्या निम्मी शिक्षा सांगितली असेल, तर निम्मी जन्मठेप मोजायची कशी, एवढ्यापुरताच तो आहे. गोडसे सुटले ते १९६४ साली, सरकारने सोडले म्हणून.

मग चौदा वर्षे आली कुठून? ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती त्यात जन्मठेप झाली, किंवा फाशीची जन्मठेप झाली, तर निदान चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सरकारने कैद्याला सोडू नये, अशी तरतूद १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत घातली गेली. त्या प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. म्हणजे चौदा वर्षे हा सुटकेचा हक्क नाही, सुटकेच्या विचारावरची ती खालची मर्यादा आहे. चौदा भरली की दार आपोआप उघडत नाही, एवढेच की कैद्याची फाइल हलू शकते. ती हलवायची कोणत्या राज्याने, यावरही वाद होतात. बिल्किस बानो प्रकरणातल्या अकरा जन्मठेपी कैद्यांना गुजरात सरकारने २०२२ साली सोडले, पण शिक्षा मुंबईच्या न्यायालयाने दिलेली असल्याने तो अधिकार महाराष्ट्राचा होता, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये ती सुटका रद्द केली.

चौदा वर्षांनंतर सुटकेची शक्यता आणि फाशी यांच्या मध्ये फार मोठी पोकळी आहे, हे न्यायाधीशांनाही जाणवत होते. २००८ साली स्वामी श्रद्धानंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशीऐवजी मरेपर्यंत, माफीविना जन्मठेप दिली. वीस, पंचवीस, तीस वर्षे माफी मिळणार नाही, अशा ठरावीक मुदतीच्या जन्मठेपाही पुढे दिल्या जाऊ लागल्या. २०१५ साली घटनापीठाने या पद्धतीवर शिक्कामोर्तब केले, पण ही मुभा फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांना ठेवली. दरम्यान कायद्यानेही काही गुन्ह्यांसाठी ‘उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर’ असे शब्द घातले आहेत. बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला निदान वीस वर्षे, कमाल असा आयुष्यभराचा कारावास किंवा मृत्युदंड आहे.

मृत्युदंडाबाबत भारताचा कायदा शंभर वर्षांत पुरता उलटला. १९५५ पर्यंत खुनाला फाशी न देता सौम्य शिक्षा द्यायची झाली, तर न्यायाधीशाला कारणे लिहावी लागत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने जन्मठेप हा नियम केला आणि फाशी द्यायची तर ‘विशेष कारणे’ लिहिण्याचे बंधन घातले. १९८० साली बच्चन सिंग खटल्यात पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी फाशी घटनाबाह्य ठरवली नाही, पण ती ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणांपुरती मर्यादित केली. न्या. भगवती यांनी भिन्नमत दिले. या कसोटीचे शब्द आता रोजच्या बातम्यांत येतात, पण ती लावताना दोन न्यायाधीशांचे एकमत होईलच असे नाही, आणि टीकाकारांचा मुख्य आक्षेपही तोच आहे. जन्मठेपेच्या कैद्याने खून केल्यास फाशीच दिली पाहिजे, असे सांगणारे जुने कलम १९८३ साली रद्द झाले, कारण त्यात न्यायाधीशाला निवडच उरत नव्हती. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने असे घालून दिले, की फाशीचा विचार करण्यापूर्वी कैद्याची पार्श्वभूमी, तुरुंगातले वर्तन आणि मानसिक स्थिती यांचे अहवाल मागवावेत.

सत्र न्यायालयाने फाशी सुनावल्यावर प्रकरण आपोआप उच्च न्यायालयाकडे मंजुरीसाठी जाते. तिथे दोन न्यायाधीशांपुढे पुरावा पुन्हा तपासला जातो. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय, मग राज्यपाल आणि राष्ट्रपती यांच्याकडे दयेचा अर्ज. दोषी स्त्री गरोदर असेल, तर उच्च न्यायालयाने तिची फाशी जन्मठेपेत बदललीच पाहिजे. महाराष्ट्रात फाशीची सोय येरवडा आणि नागपूर या दोन मध्यवर्ती कारागृहांत आहे. जोशी-अभ्यंकर हत्याकांडातल्या चौघांना १९८३ साली आणि अजमल कसाबला २०१२ साली येरवड्यात, याकूब मेमनला २०१५ साली नागपुरात फाशी झाली. पण दयेच्या अर्जावर अकारण वर्षानुवर्षे निर्णय झाला नाही, तर ती दिरंगाईच फाशी रद्द होण्याचे कारण ठरू शकते. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कायम केली होती. दयेच्या अर्जांना लागलेल्या विलंबामुळे २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या फाशीची जन्मठेप केली.

द्रव्यदंड ही वरवर सोपी शिक्षा आहे, पण तिचा भार गरीब आणि श्रीमंत यांच्यावर सारखा पडत नाही. कमाल रक्कम सांगितलेली नसेल, तिथे ती कितीही असू शकते, फक्त ‘अवाजवी’ नसावी असे कायदा म्हणतो. गुन्ह्याला नुसता दंडच असेल, तर तो न भरल्याबद्दलची कैद साधी असते आणि तिची मोजपट्टी बांधून दिलेली आहे : पाच हजारांपर्यंतच्या दंडाला दोन महिने, दहा हजारांपर्यंत चार महिने, त्यापुढे एक वर्षापर्यंत. जुन्या संहितेत याच पायऱ्या पन्नास आणि शंभर रुपयांच्या होत्या. एकशे साठ वर्षांत रुपयाचे काय झाले, ते या दोन कलमांवरून दिसते. चेक न वटल्याच्या खटल्यात दंड चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो, आणि त्यातला मोठा भाग सहसा फिर्यादीलाच नुकसानभरपाई म्हणून दिला जातो. भरपाई देण्याचा अधिकार सगळ्याच फौजदारी न्यायालयांना आहे, मात्र ते तो क्वचित वापरत. प्रत्येक खटल्यात भरपाईचा विचार केला पाहिजे आणि दिली नाही तर का नाही ते लिहिले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात बजावले. अॅसिड हल्ल्याच्या गुन्ह्यात तर दंड उपचारांच्या खर्चाला पुरेल एवढा असावा आणि तो पीडितेलाच द्यावा, असे कलमातच आहे.

मालमत्ता सरकारजमा करण्याची शिक्षा संहितेत आता थोड्याच कलमांपुरती उरली आहे. तिचा खरा वापर मोक्का, अमली पदार्थ आणि काळ्या पैशाविरुद्धच्या खास कायद्यांखाली होतो.

समाजसेवा ही शिक्षा मोजक्याच गुन्ह्यांना देता येते : छोटी चोरी, सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन धिंगाणा, अब्रुनुकसानी, सरकारी नोकराने बेकायदा व्यापार करणे, असे काही. समाजाच्या उपयोगाचे, मोबदला नसलेले काम, एवढीच तिची व्याख्या आहे. किती तास, कोणत्या संस्थेत, हजेरी कोणी घ्यायची, यांचा संहितेत उल्लेख नाही. त्यामुळे दवाखान्यात झाडू मारायला लावायचे की वाहतूक पोलिसाशेजारी उभे करायचे, हे बरेचसे त्या त्या न्यायाधीशाच्या कल्पकतेवर सोपवलेले आहे.

शिक्षा न देता सोडण्याचीही एक रीतसर वाट आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार दोषी ठरलेल्याला किरकोळ गुन्ह्यात समज देऊन, किंवा चांगल्या वर्तणुकीचा जास्तीत जास्त तीन वर्षांचा बाँड घेऊन सोडता येते. गुन्हा मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या पात्रतेचा नसावा, एवढी मुख्य अट. एकवीस वर्षांखालच्या तरुणाला अशा गुन्ह्यात तुरुंगात पाठवायचे असेल, तर परिवीक्षा का नको याची कारणे लिहावी लागतात. न्यायालयांत हा कायदा असायला हवा तितका वापरला जात नाही. याउलट तडीपारीला लोक शिक्षा समजतात, पण ती न्यायालयाची शिक्षाच नव्हे. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली पोलीस उपायुक्त किंवा प्रांत यांच्यासारखे अधिकारी दोन वर्षांपर्यंत ती काढू शकतात, तिच्यासाठी गुन्हा शाबीत झालेला असण्याची गरज नसते.

एकांतवास ही वेगळी शिक्षा नव्हे, सश्रम कारावासाला जोडून न्यायालयाने द्यायची गोष्ट आहे. सगळा मिळून तीन महिन्यांहून जास्त नाही, आणि एका वेळी चौदा दिवसांहून जास्त नाही.

निकालानंतरचा हिशेब कारागृहाच्या कार्यालयात सुरू होतो. पक्क्या कैद्याच्या नोंदीवर सुटकेची तारीख लिहिली जाते आणि ती सतत बदलत राहते. चांगली वर्तणूक आणि काम यांबद्दल माफीचे दिवस मिळतात. पैठण किंवा येरवड्याच्या खुल्या कारागृहात, शेतीवर काम करणाऱ्या कैद्यांना ते अधिक मिळतात. संचित रजेवर घरी काढलेले दिवस शिक्षेतच धरले जातात. आजारपण, मृत्यू, लग्न अशा कारणांसाठी मिळणाऱ्या अभिवचन रजेचे दिवस मात्र धरले जात नाहीत. ते शिक्षेच्या शेवटाला जोडले जातात आणि सुटकेची तारीख तेवढी पुढे सरकते.